दहा बाय दहाच्या खोलीतला बास

मी चार पायांवर होतो. म्हणजे दोन हात आणि दोन गुडघे. उजवा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरतो, त्यामुळं रांगण्याचा वेग बेताचाच. खोलीच्या मधोमध एक खुर्ची होती. खुर्चीवर माणूस नव्हता, सबवूफरचा खोका ठेवला होता आणि त्यातून गाणं चाललं होतं. मी भिंतीच्या कडेनं हातभर पुढं सरकायचो, थांबायचो, ऐकायचो, परत सरकायचो.

दारात आण्णा येऊन उभे राहिले. घरचे कर्ते. वय सत्तरीचं, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं बघितलं.

"पावणं, काय हरिवलंय?"

"बास," मी म्हणालो.

"घावला का?"

"अजून न्हाय."

"बॅटरी आणून दिऊ?"

त्यांची सून राजश्री कोपऱ्यात उभी होती. तिनं तोंडावर ओढणी धरली. मला मात्र हसू येत नव्हतं. अर्धी खोली रांगून झाली होती आणि खरंच काही सापडलं नव्हतं.

मी शफी मुल्ला. कोल्हापुरात तीस वर्षं स्पीकर दुरुस्त करतो. फाटलेला कागदी कोन काढायचा, जळालेली कॉइल काढायची, नवीन बसवायची. लग्नाच्या बँडपासून ट्रॅक्टरवरच्या डेकपर्यंत सगळ्यांचे स्पीकर माझ्या टेबलावरून गेलेत. अलीकडं आठ-दहा वर्षांत घरी बसून गाण्यांचं काम करणारी पोरं-पोरी वाढली, तसं त्यांच्या खोल्या लावून द्यायचं कामही मी करायला लागलो. शिक्षण आयटीआयचं. बाकी सगळं कानानं आणि चुकून चुकून शिकलो.

राजश्रीचं काम मिक्सिंगचं. गाण्यातली ढोलकी, पेटी, गळा, सगळं वेगवेगळं रेकॉर्ड झालेलं असतं. त्यातलं काय किती मोठं, किती लहान ठेवायचं हे ती ठरवते. लग्नाआधी पुण्यात एका स्टुडिओत नोकरी करायची. लग्न होऊन बिद्रीच्या अलीकडच्या एका गावात आली. नवरा विक्रम दूध संकलनाच्या गाडीवर. घरात ऊस, म्हशी, आणि बोलणारी माणसं भरपूर. "मी इथंच राहून काम करीन," असं तिनं सांगितलं तेव्हा घरातल्या कुणालाच ते काम नेमकं काय असतं हे कळलं नव्हतं. तरी आण्णांनी तिला दाण्याची खोली रिकामी करून दिली. गव्हाची पोती माळ्यावर गेली आणि खोलीत दोन स्पीकर आले.

ते स्पीकर टेबलावर ठेवायचे, छोटे, पाच इंची. त्यांना निअर-फिल्ड म्हणतात. कानापासून हात-दीड हातावर ठेवायचे, म्हणजे खोलीचा घुमारा मिसळायच्या आत स्पीकरचा आवाज कानात पोचतो. चांगली गोष्ट आहे. पण पाच इंची कागदाला खालचा सूर पेलत नाही. ढोलाचा 'धम' वाजतो, पण त्या धमच्या खालचा जो दणका पोटाला कळतो, तो येत नाही. त्यासाठी जोडीला सबवूफर ठेवतात. फक्त खालचे आवाज वाजवणारा एक वेगळा खोका.

राजश्रीला एका कंपनीकडून दहा गाण्यांचं काम मिळालं होतं. पहिलंच गाणं तीन वेळा परत आलं. तिन्ही वेळा शेरा एकच, बास फार झालाय. कंपनीचे देशमुख सर म्हणाले होते, "गाडीत लावलं की दरवाजे थरथरतात." आणि इथं खुर्चीत बसल्यावर तिला बास कमीच ऐकू यायचा. कमी वाटला की ती वाढवायची. वाढवला की तिकडं दरवाजे थरथरायचे. हाताखालचा तराजूच खोटा असेल तर प्रामाणिक माणसाचंही माप चुकतं. तिनं एका दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जोडीला मोठा सब घ्या." तिनं बारा इंची, मोठा सब घेतला. तरीही बास कमीच.

तिसऱ्यांदा गाणं परत आलं तेव्हा देशमुख सरांनी सांगून टाकलं. सोमवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दहाही गाणी दुसरीकडं. पुण्याच्या जुन्या स्टुडिओत तिची जागा अजून रिकामी होती. म्हणजे इथलं जमलं नाही तर ती पुण्यात, नवरा गावात, असा संसार करावा लागणार होता. हे तिनं मला फोनवर सांगितलं नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "चाचा, सबचा कोन गेलाय बहुतेक. बदलून द्याल का?"

तो शुक्रवार होता.

मी गेलो, सब उघडला. माझा धंदाच कोनचा, त्यामुळं मलाही आधी तोच दिसला. पण कोन नवाकोरा. कॉइल चांगली. आतल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष नाही. मग मागच्या बाजूची बटणं बघितली. तिथं एक बटण असतं, क्रॉसओव्हर नावाचं. कुठल्या सुरापर्यंतचं काम सबनं करायचं आणि कुठून पुढं छोट्या स्पीकरनं, ती हद्द ते ठरवतं. दुकानातल्या माणसानं ते दीडशे हर्ट्झवर ठेवलं होतं. तिथं ठेवलं की गाणाऱ्या बुवांच्या गळ्याचा खालचा भागसुद्धा सबमधून येतो. बुवा टेबलाखाली बसून गातायत असं वाटतं. मी ते ऐंशीवर आणलं. ऐंशीच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून खोका कुठंही असला तरी चालून जातं.

बुवा टेबलावर आले. बास आला नाही.

मग गाडीतून माझा स्वतःचा सब आणला. आठ इंची, चारी बाजूंनी बंद. राजश्रीच्या बारा इंचीला पुढं एक भोक होतं. त्या भोकातून हवा आतबाहेर होते आणि एका ठरावीक सुराला जोर येतो. सिनेमा बघायला मजा येते. पण मिक्सिंगला तसला जोर नको असतो. एवढ्याशा खोलीला बंद डब्याचा आठ इंची पुरतो. जिथं दुकानदार मोठा विकतो तिथं मी लहान सांगतो, म्हणून माझं दुकान अजून एका गाळ्याचंच आहे.

माझा सब लावला. आवाज नीटनेटका झाला, एवढं खरं. बास तरीही नाही.

तेव्हा मी रांगायला सुरुवात केली. हा जुना उपाय आहे आणि सोपा आहे. सब माणसाच्या जागी, खुर्चीवर ठेवायचा. आपण जमिनीलगत खोलीभर फिरायचं. जिथं बास सर्वांत चांगला ऐकू येईल, तिथं शेवटी सब ठेवायचा आणि आपण खुर्चीत बसायचं. इथून तिकडं जसा आवाज जातो तसाच तिकडून इथं येतो, एवढाच त्यामागचा हिशेब. दरवेळी कुठंतरी जागा सापडतेच.

त्या दिवशी सापडली नाही. आण्णा दारात उभे, राजश्री कोपऱ्यात, आणि मी पूर्ण चक्कर मारून परत दाराशी आलो. चारी भिंती, चारी कोपरे, सगळीकडं बास पातळ. ताकात पाणी घातल्यासारखा.

"सब बदलावा लागेल का?" राजश्रीनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पण काय बदलायचं ते मला आत्ता सांगता येत नाही. मी उद्या सकाळी येतो."

गिऱ्हाइकाला 'मला माहीत नाही' म्हणायला मी फार उशिरा शिकलो. त्या पोरीचा चेहरा बघून ते म्हणणं सोपं गेलं नाही.

परत येताना कागलजवळ चहाला थांबलो. कप हातात घेऊन तेच डोक्यात घोळवत होतो. मी अख्खी खोली ऐकली. सगळीकडं तक्रार एकच. सगळीकडं एकच तक्रार असेल तर दोष सगळीकडं कसा असेल? मी फिरत होतो, पण खोका मात्र एकाच जागी होता. खुर्चीवर. खोलीच्या बरोबर मधे. दोष खोक्यात नव्हता, कोपऱ्यात नव्हता. दोष त्या खुर्चीच्या जागेत होता.

चहा अर्धा टाकून मी दुकानात गेलो. मापाचा माइक, लॅपटॉप, टेप, खडू, सगळं पिशवीत भरून ठेवलं.

शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा आण्णा अंगणात म्हशीला पाणी दाखवत होते. मी म्हटलं, "आण्णा, खोली मोजायची हाय."

"मोजायची कशाला? मला इचारा की. धा बाय धा. उंची धा. म्या सोता उभा ऱ्हाऊन बांधून घेतल्या. चारी कोपरं गुण्यात हाईत."

गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन. मी तरीही टेप लावला. तिन्ही बाजूंनी बोटभराचाही फरक नव्हता. एवढी चोख खोली मी अजून बघितली नव्हती. आणि अडचण नेमकी तीच होती.

हे समजवायला मी आण्णांना आणि राजश्रीला म्हशीच्या हौदापाशी नेलं. लांबट हौद, काठोकाठ पाणी. मी एका टोकाला पाटी धरून हळूहळू पाणी ढकलायला लागलो. एक ताल असा येतो की सगळं पाणी एका काठावर चढतं, मग दुसऱ्या काठावर. तो ताल धरला.

"कडंला बगा आण्णा. पाणी केवढं चढतंय, उतरतंय."

"व्हय."

"आता मधी बगा."

ते वाकले. हौदाच्या मधोमध पाणी जागच्या जागी होतं. पुढं-मागं सरकत होतं, पण वर-खाली होत नव्हतं.

"खोलीतल्या हवेचं असंच होतं," मी म्हणालो. "धा फुटाच्या दोन भिंतीत एक सूर बरोबर बसतो. छप्पन्नच्या आसपासचा. तो वाजला की भिंतीपाशी लई जोर, आणि मधी काहीच न्हाय. तुमची लांबी धा, रुंदी धा, उंची धा. म्हंजे तिन्ही बाजूंनी तोच सूर. आणि राजश्री बसत्या मधोमध. नेमका ढोलाचा दणका तितंच असतोय. मोठा खोका आणला तरी काठावरचं पाणी वाढंल, मधलं न्हाय वाढणार."

राजश्री हौदाकडं बघत राहिली. "म्हणून मी वाढवत गेले," ती म्हणाली. तिसऱ्यांदा गाणं परत आल्यापासून ती स्वतःच्या कानांवर संशय घेत होती. कानाच्या डॉक्टरकडं जायचंसुद्धा तिच्या डोक्यात होतं. हे तिनं तिथं हौदापाशी सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

आण्णा मात्र खोलीकडं बघत होते. "म्हंजे माझी खोली वाईट," ते म्हणाले.

"खोली उत्तम हाय. दाण्याला बांधलीया. गव्हाला बास लागत न्हाय."

त्यांनी ते मानलं की नाही कळलं नाही. खरी अडचण पुढंच होती. उपाय सोपा होता, टेबल आणि खुर्ची मधून हलवायची. पण टेबल हलत नव्हतं. आण्णा साखर कारखान्यात फिटर होते, ऊस गाळतात त्या मिल हाउसला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुनेसाठी स्वतःच्या हातानं लोखंडी चॅनलचं टेबल बनवलं होतं आणि त्याचे चारी पाय फरशी फोडून काँक्रीटमध्ये बसवले होते. बरोबर पंख्याखाली, बरोबर दिव्याखाली. "पोरीचं काम बारीक हाय, टेबल हललं न्हाय पायजे," म्हणून.

"पाय कापावे लागतील," मी म्हणालो.

राजश्रीनं पटकन आण्णांकडं बघितलं. "राहू दे चाचा. मी खुर्ची थोडी मागं घेऊन बघते."

"खुर्ची मागं गेली की स्पीकर लांब पडतात. मग हे स्पीकर घेतले कशाला?"

आण्णा म्हणाले, "कापायच्या आदी दावा मला. पाण्यात दावलं ते ऱ्हाऊ द्या. खोलीत दावा."

रास्त होतं. मी सब कोपऱ्यात ठेवला. लॅपटॉपवरून छप्पन्नचा एकच सूर लावला. गाणं नाही, काही नाही, फक्त एक सलग हुंकार. आण्णांना खुर्चीत बसवलं.

"काय ऐकू येतंय?"

"काय न्हाय. लांब कुटंतरी मोटर चालल्यागत."

"आता उठा. डोळं मिटून भिंतीकडं चाला."

ते उठले. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्या पावलाला त्यांचा चेहरा बदलला. भिंतीपाशी पोचले तेव्हा त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला आणि तसेच थांबले. मशिनला हात लावून बेअरिंग कसं चाललंय ते ओळखणारा माणूस. त्या हाताला खोटं सांगता येत नाही. ते परत मधे आले, परत भिंतीकडं गेले. मग दुसऱ्या भिंतीकडं. खोलीतला आवाज कुणी बदलत नव्हतं, मी लॅपटॉपपासून लांब उभा होतो, ते त्यांनी डोळे उघडून तपासलं.

"आमच्याकडं एक पाइप हुता," ते शेवटी म्हणाले. "एका ठराविक स्पीडला थरथरायचा. भाइरनं सायेब आलं, कागुद काढलं, जाड पाइप टाका म्हनालं. म्या आधार हातभर सरकिवला. थांबलं."

"मग तुमाला मी काय सांगावं?"

"सांगू नका," म्हणून ते बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात ग्राइंडर होता आणि डोळ्यांवर चष्मा.

राजश्री म्हणाली, "आण्णा, विक्रम आल्यावर करू की."

"त्येनं बशिवलंय व्हय? म्या बशिवलंय. मीच कापणार."

आम्ही स्पीकर, लॅपटॉप सगळं बाहेर काढलं, दारं-खिडक्या उघडल्या. पाऊण तासात चारी पाय जमिनीलगत कापून झाले. कापलेल्या टोकांना त्यांनी कानस मारली, खाली रबर लावलं. स्वतःच्या हातचं काम स्वतःच्या हातानं कापणं काय असतं हे कारागिराला वेगळं सांगावं लागत नाही.

टेबल खिडकीच्या भिंतीला नेलं. खुर्ची अशी ठेवली की कान त्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर येतील. डावी-उजवी बाजू मात्र सारखी ठेवली, नाहीतर गाण्यातल्या डाव्या-उजव्याचा तोल जातो. आणि आता परत तोच प्रयोग. सब खुर्चीवर, गाणं चालू, माणसं जमिनीवर. या वेळी मी राजश्रीला म्हटलं, "तूही रांग. वेगळी. माझ्याकडं बघू नकोस. जिथं पटेल तिथं खडूनं फुली मार."

मी आधी गेलो. या वेळी जागोजागी फरक होता. इथं फुगलेला, तिथं पातळ. खिडकीच्या भिंतीलाच, डाव्या कोपऱ्याजवळ, मला झकास बास मिळाला. खालून भरून आलेला, गोल. मी फुली मारली आणि ती बूट ठेवून झाकली. मग राजश्री गेली. ती माझ्यापेक्षा हळू रांगली. दोनदा परत मागं आली. तिची फुली त्याच भिंतीला पडली, पण कोपऱ्यापासून बरीच लांब, टेबलाच्या मध्याच्या थोडी डावीकडं.

आण्णांनी दोन्ही फुल्या बघितल्या. "आता कुणाचं खरं?"

"माइक सांगंल."

सब आधी माझ्या फुलीवर ठेवला, माइक खुर्चीच्या जागी, माणसाच्या कानाच्या उंचीवर. लॅपटॉप खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एक सरकता आवाज वाजवतो आणि कुठला सूर किती पोचला त्याची रेघ काढतो. माझ्या फुलीची रेघ सुरुवातीला उंटासारखी वर गेली आणि मग खाली आली. मग सब राजश्रीच्या फुलीवर. रेघ बऱ्यापैकी सपाट. थोडे खाचखळगे, पण खड्डा नाही आणि डोंगरही नाही.

तिचं बरोबर होतं, माझं चूक.

कारण मला लगेच कळलं. तीस वर्षं मी ज्यांचे स्पीकर दुरुस्त केले त्यांना बास जास्त हवा असतो. माझ्या कानाला तीच सवय. मी जिथं बास जास्त तिथं फुली मारली. तिनं जिथं बास सारखा तिथं मारली. मी तिला हे सांगितलं, आण्णांच्या समोरच सांगितलं. "तुझ्या कानात काही दोष नाही. माझ्यापेक्षा चांगले आहेत. डॉक्टरकडं जायचं असेल तर मी जातो."

आपल्या फुलीचा खडू पुसला जाऊ नये म्हणून राजश्रीनं त्यावर चिकटपट्टी लावली.

राहिलेलं काम तासाभराचं. फेजचं बटण बघितलं. सबचा कागद पुढं येतो तेव्हा स्पीकरचाही पुढं यायला हवा. एक पुढं आणि एक मागं असेल तर दोघं एकमेकांचं काम खातात. बटण दोन्ही बाजूंना करून बघायचं, जिथं त्या हद्दीवरचा सूर भरीव लागतो तिथं सोडायचं. मग सबचा आवाज कमी करत आणला, एवढा की सब चालू आहे हे जाणवू नये, पण बंद केला की काहीतरी गेलं असं वाटावं. माळ्यावरून जुन्या कापसाच्या गाद्या आणून, गुंडाळून मागच्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या. अगदी खालच्या सुरांना गाद्यांनी फारसा फरक पडत नाही. वरच्या घुमाऱ्याला पडतो. जेवढं मिळालं तेवढं घेतलं.

राजश्री खुर्चीत बसली आणि तिनं ते तीनदा परत आलेलं गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात बंद केलं.

"किती घाण आहे हे," ती म्हणाली. "दरवाजे थरथरणारच."

हे ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा कुणी वाहवा केल्यावर होत नाही. मी आवरायला घेतलं. आठ इंची सब तिच्याकडंच ठेवला. बारा इंची गाडीत घातला, तो पुढं एका मोठ्या हॉलला बसवून दिला. तिथं तो चांगला वाजतो. त्याचा काहीच गुन्हा नव्हता.

रविवारी तिनं गाणं पहिल्यापासून मिक्स केलं. संध्याकाळी नवऱ्याच्या गाडीत, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर आणि फोनवर, तिन्हीकडं वाजवून बघितलं. तिन्हीकडं ढोलकी ढोलकीच्याच जागी होती. सोमवारी सकाळी पाठवलं.

दुपारी मी तिथंच होतो. काम काही नव्हतं, पण दुकानात लक्ष लागत नव्हतं, म्हणून 'गाद्या नीट बांधायच्या राहिल्या' असं निमित्त काढून गेलो होतो. फोन आला तेव्हा आण्णा पायरीवर बसून विळ्याला धार लावत होते. राजश्रीनं फोन स्पीकरवर ठेवला.

"ऐकलं मी," देशमुख सर म्हणाले. "गाडीत ऐकलं, ऑफिसात ऐकलं. आता बरोबर आहे. कुठल्या स्टुडिओत केलंत?"

"घरीच केलं सर."

"घरी नाही हो. तीनदा घरी झालं होतं. या वेळी कुठं केलंत? पुढची नऊही तिथंच करा."

राजश्रीनं माझ्याकडं बघितलं, मग आण्णांकडं. "आमच्या दाण्याच्या खोलीत केलं सर. आमच्या सासऱ्यांनी टेबल कापून दिलं आणि शफीचाचांनी खोली लावून दिली."

"बरं," ते म्हणाले. "दुसरं गाणं आज पाठवतो."

फोन बंद झाला. आण्णा विळा बाजूला ठेवून उठले, खोलीत गेले, टेबलाला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. हललं नाही. मग बाहेर येऊन त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून चहा सांगितला. "चार कप," म्हणाले. बाहेर माणसं आम्ही तीनच होतो. माझ्या हातात त्यांनी एकापाठोपाठ एक दोन कप दिले.

दहाही गाणी त्या खोलीत झाली. त्यानंतर बाहेरगावचीही कामं आली. राजश्री पुण्याला आता फक्त पाहुणी म्हणून जाते. माझ्या दुकानाच्या भिंतीवर तिच्या खोलीच्या त्या दोन रेघांचे कागद लावलेत. एक उंटासारखी, एक सपाट. खाली लिहिलंय, पहिली शफीची, दुसरी राजश्रीची. येणारे विचारतात, स्वतःची चूक कशाला टांगलीस? मी सांगतो, दोन्ही माझ्याच कामाचे कागद आहेत.

अजूनही आठवड्याला एखादा फोन येतो, "चाचा, टेबलावरच्या स्पीकरला सब किती इंची घेऊ?" मी म्हणतो, आधी खोली मोजा, मग तुम्ही कुठं बसता ते सांगा. काहीजण वैतागून फोन ठेवतात आणि दुकानात जाऊन सब घेतात. बाकीचे मोजतात, खुर्ची सरकवतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नवा खोका लागतच नाही. धंद्याला हे चांगलं नाही. पण कामाला चांगलं आहे, आणि माझं नाव कामावर चालतं.